घरी जाऊन राहिलो

आमचं अकोल्याचं घर दिवसातून कितीतरी वेळा हलायचं. भूकंप वगैरे काही नाही. कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर भरलेल्या गाड्या तोलायचा एक धर्मकाटा होता, बाबा त्यावर काटेवाले होते आणि मालकाने काट्यामागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला दिल्या होत्या. कापसाचा हंगाम लागला की बैलगाड्यांची आणि ट्रकांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत जायची. गाडी लोखंडी पाट्यावर चढली की धडाड् आवाज व्हायचा, फळीवरच्या कपबश्या किणकिणायच्या आणि पाठोपाठ बाबांचा आवाज यायचा, "घे पुढं... आनखी घे... अबे बैलाले सांग, मले काय सांगतं?... हां, बस!" हे 'हां, बस' त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की आई ताटात चून, म्हणजे पिठलं, वाढायला लागली तरी ते त्याच आवाजात ओरडायचे, आणि बाहेर एखादा गाडीवान उगीच बैलांचे कासरे ओढायचा. घरभर सरकीचा वास. वरणात कापसाचा तंतू निघाला तर तो बोटाने बाजूला करून जेवायचं, त्यावर बोलायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज होता.

माझा थोरला भाऊ दिगंबर, म्हणजे दिगूदादा, याच काट्यावर वाढला. वाढला हा शब्द मी विचार करून वापरते आहे. मूळ गावी, बार्शीटाकळीकडे, आमचे काका शेती करायचे आणि सुट्टीत दादा तिकडे गेला की काका चार दिवसांत त्याला परत पाठवायचे. म्हणायचे, घरातला दाणा बैलाले पुरते पण याले नाही पुरत. दवाखान्यातल्या वजनाच्या यंत्रावर तो उभा राहिला तेव्हा काटा गरकन फिरून शेवटाला टेकला आणि तिथेच बसला. तेव्हापासून बाबा त्याचं वजन धर्मकाट्यावर करू लागले. धर्मकाटा हे ट्रकांचं यंत्र. साधा माणूस त्यावर चढला तर काट्याला खबरही लागत नाही. दादा चढला की दांडी खणखणीत वर जायची. बाबा चष्मा वर करून ती डोळे भरून पाहायचे. मुलाचा त्यांना अभिमान होता, पण तो बोलून दाखवायचं काम त्यांनी काट्यावर सोपवलं होतं.

अशा मुलाचं काय करायचं, हा प्रश्न उस्तादांनी सोडवला. उस्ताद रेल्वेत नोकरीला होते आणि मैदानामागच्या टिनाच्या शेडमध्ये पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. चिखलात रुतलेली गाडी दादाने एका खांद्याने उचलून दिली, ते त्यांनी फाटकावरून पाहिलं आणि तसेच सायकल टाकून आमच्या ओसरीवर आले. "भाभी, ये लड़का मेरेकू दे दो," असं त्यांनी आईला सांगितलं. आई म्हणाली, "जेवाले तुमच्याकडे, का झोपाले बी?" उस्ताद जेवणाचं ऐकून जरा थबकले, पण मागे हटले नाहीत. शेडमध्ये दादाच्या वजनाचा दुसरा कोणी नव्हता. अख्ख्या वऱ्हाडात शोधला तेव्हा एक सापडला, तो मिठाईच्या दुकानाच्या गल्ल्यावरून उठायला तयार नव्हता. मग उस्तादांनी एका पोत्यात सरकी भरून ते आढ्याला टांगलं आणि दादा वर्षानुवर्षं त्या पोत्याशी लढला. त्याने जिल्ह्याच्या, विभागाच्या किती स्पर्धा जिंकल्या ते विचारू नका; त्यातल्या निम्म्यांत समोर कोणी आलंच नव्हतं. तरी पेपरात त्याचा फोटो आला, 'वऱ्हाडचा वाघ' असं छापून आलं, आणि आम्ही सगळे त्या वाघाच्या पंगतीला बसून जाडे झालो.

आईला मात्र पोराच्या नाकाची काळजी होती. दादाचं नाक सरळ आणि लांब, थेट आमच्या आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं. माझ्या वाट्याला बाबांच्या घरचं बसकं आलं, त्याबद्दल कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही. उस्तादांचं नाक दोनदा मोडून एका बाजूला कललेलं होतं. ते बोलायला लागले की आई त्यांच्या तोंडाकडे न पाहता नाकाकडे पाहायची आणि मग दादाकडे पाहायची. त्याची एकही लढत तिने कधी पाहिली नाही. "मारून राहिला का मार खाऊन राहिला, तेवढं सांगा," असं ती खबर घेऊन येणाऱ्या पोरांना चुलीपासून विचारायची.

दादा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याला पोचला तो पुण्यात, आणि सामना टीव्हीवर दाखवणार असं कळलं. मालकांनी आपला रंगीत टीव्ही काट्याच्या पटांगणात आणवला. त्या दुपारी अकोल्यात कापूस मोजला गेला नाही. गाडीवान, ट्रकवाले, शेडमधली पोरं, सगळे पोत्यांवर बसले होते आणि बैल मागे रवंथ करत उभे होते. समोर हरियाणाचा एक पोरगा होता, दादाच्या मानाने काडीच. घंटा व्हायला आणि आई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर यायला एकच गाठ पडली. तिने सरळ टीव्हीपुढे उभं राहून दादाला ओवाळायला सुरुवात केली. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटणारे, ताट गोल फिरतंय. मागून ओरडा सुरू झाला, "काकू, बाजूले व्हा! वो काकू, दिसून नाही राहिलं!" बाबाही ओरडले, "हां, बस!" आई पुरती ओवाळणी झाल्याशिवाय हलली नाही. ती बाजूला झाली तेव्हा दादा आडवा होता आणि पंच बोटं मोजत होता.

म्हणजे अकोल्यात तो ठोसा कोणी पाहिलाच नाही. त्यामुळे त्याच्या बारा कहाण्या झाल्या. हरियाणावाल्याने ग्लोव्हमध्ये काही लपवलं होतं, पंच फितूर होता, पुण्याच्या पाण्याने दादाचं पोट बिघडलं होतं. दादाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगायचा, "मले वाटलं मी पडून राहिलो, तं पाह्यतो, मी पडेलच होतो." आता माझी मुलगी म्हणते की तो सामना मोबाइलवर सापडतो. तिने मला दाखवला. ठोसा अगदी साधा आहे. लाउडस्पीकरवर कोणीतरी दादाचं नाव चुकीचं घेतं, दादा ते दुरुस्त करायला मान वळवतो, आणि तेवढ्यात. मी तो परत पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरात मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे होतं. पराभवाची बातमी असणार म्हणून मी ओसरीवर सगळ्यांसमोर न वाचता आत चुलीपाशी आईला वाचून दाखवली. बातमी पराभवाची नव्हतीच. ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आता घरी जाऊन राहणार! पराभवानंतर वऱ्हाडच्या वाघाची निवृत्ती.' खाली पुण्याच्या वार्ताहराने लिहिलं होतं की आता पुढे काय, या प्रश्नावर या उमद्या खेळाडूने क्षणाचाही विलंब न लावता घरी जाऊन राहण्याचा निर्णय सांगितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची तृप्ती होती. तृप्ती कसली, जबडा सुजला होता. आईने भाकरी थापता थापता हात थांबवला. "राहणार, असं म्हणला का तो?" मी म्हटलं, हो, छापलं आहे. "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. तव्यावरची भाकरी करपली. माझ्या आठवणीत तिची भाकरी करपलेली तेवढीच.

दादा गाडीतून उतरला तेव्हा स्टेशनवर ही गर्दी. बिचारा तोंडावर उपरणं घेऊन मागच्या डब्यातून उतरला होता, लोक शिव्या घालतील या भीतीने. त्याला धरून हार घातले. अकोल्याचे लोक हरलेल्या माणसाला सोडत नाहीत, पण निवृत्त झालेल्या माणसापुढे त्यांचं काही चालत नाही. "वेळेवर थांबला भाऊ!" "असा निर्णय घ्याले बी छाती लागते!" दादा एकेकाकडे पाहत होता. कोण थांबलं, कुठे थांबलं, त्याला काही कळेना. जबड्याला पट्टी होती, त्यामुळे विचारताही येत नव्हतं. त्याने नुसती मान हलवली आणि लोकांना वाटलं, किती नम्र आहे.

संध्याकाळपर्यंत अमरावतीहून मामा आले. आईचे हे थोरले भाऊ तिथे वकील होते आणि शुद्ध बोलायचे. शुद्ध म्हणजे इतकं की कोर्टातले पक्षकारच त्यांना "साहेब, मराठीत सांगा ना" म्हणायचे. मामांनी येताना दादाचं भवितव्य सोबत आणलं होतं. वलगावच्या एका शाळेत पीटीच्या मास्तरांची जागा रिकामी होती, संस्थेचे लोक मामांच्या ओळखीचे, आणि असा मोठा खेळाडू निवृत्त होऊन मिळतोय म्हटल्यावर ते हरखून गेले होते. पुढच्या रविवारी अमरावतीत सत्कार आणि त्याच व्यासपीठावर नेमणुकीची घोषणा. मामांनी खिशातून लाल दोरीची एक शिट्टी काढून दादाच्या हातावर ठेवली. "योग्य वेळी थांबणं ही एक कला आहे, दिगंबर," ते म्हणाले, आणि थांबणं या विषयावर जेवणं होईपर्यंत बोलत राहिले. बाबा दोनदा म्हणाले, "हां, बस," पण ते भाताला की मामांना, हे ठरवता आलं नाही.

शेजारपाजारचे लोक येऊन दादाला सल्ला विचारू लागले. कोणी दुकान बंद करावं का, कोणी सून आल्यावर घरकाम सोडावं का. उस्तादही एकदा आले. ओसरीच्या कडेवर बसले, चहा हातात घेतला, "अच्छा किया बेटा" एवढंच म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघून गेले. सायकलवर बसताना त्यांचा पाय दोनदा पायडलवरून सटकला. दादाने आपलाही चहा ठेवून दिला.

शेवटी एका दुपारी मी त्याला काट्यामागच्या कडुनिंबाखाली गाठलं. पट्टी निघाली होती. मी विचारलं, "दादा, तू बाक्सिंग सोडून काहून राहिला रे?"

"मी कुठी सोडून राहिलो?" तो म्हणाला.

"पेपरात छापलं ना."

"त्या पोट्ट्यानं मले इचारलं, आता पुढे काय. मी म्हणलं, पुढे काय, घरी जाऊन राहिलो. साडेसहाची गाडी होती ना माही."

माझ्या डोक्यात हे शिरायला थोडा वेळ लागला, आणि शिरलं तशी मी कडुनिंबाच्या बुंध्याला धरून हसत सुटले. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे 'जाऊन राहिलो' म्हणजे जातोय, निघालोय. पुण्याला मात्र कोणी 'घरी जाऊन राहिलो' म्हटलं तर तो सामानसुमान घेऊन कायमचा घरी जाऊन बसला. वार्ताहराने बिचाऱ्याने त्यातला काळ तेवढा सुधारून 'राहिलो'चं 'राहणार' करून घेतलं. एका वऱ्हाडी माणसाने गाडी पकडायची घाई सांगितली आणि पुण्याने त्याला निवृत्त करून टाकलं. आणि आम्ही? सकाळी उठून राहिलो, जेवून राहिलो, भांडून राहिलो असं दिवसभर बोलणारं अख्खं अकोलं, पण छापून आलं म्हटल्यावर कोणाला शंका आली नाही. मी पुढे जन्मभर पुण्यात मराठी शिकवली. आता पुण्यातच राहते, म्हणजे पुणेरी अर्थाने राहते. आजही कोणी माझं वऱ्हाडी सुधारायला लागलं की मला दादाची ती साडेसहाची गाडी आठवते.

मी म्हटलं, चल, आत्ता मामाले फोन करू, उस्तादले सांगू. दादा हसला नाही. पायाने माती उकरत म्हणाला, "राहू दे व शोभे."

"काहून?"

"हरला म्हणून कोणी नाही हसून राहिलं ना. निवृत्त झाला म्हणून हार घालून राहिले." मग म्हणाला, "आन् मले भेव वाटून राहिलं. त्या पोत्यानं मले कधी उलटा नाही मारला."

एवढा मोठा देह, आणि त्यातून इतका बारीक आवाज आला की माझं हसू जागच्या जागी गेलं. मला त्याची फार माया आली. मी त्याला शब्द दिला आणि गप्प बसले.

पण दादाचं जेवण गेलं. आमच्या घरात हे लक्षात यायला वेळ लागत नाही. परात रिकामी व्हायच्या ऐवजी भरलेली राहू लागली. आईने कढीगोळे केले. हे त्याचं जीव की प्राण, एरवी तो पातेल्याशी वाटाघाटी करायचा. त्याने दोन गोळे खाल्ले आणि उठला. सकाळी उठून तो कडुनिंबाखाली बसायचा आणि शेडच्या दिशेने पाहायचा, आणि कोणी बघतंय असं वाटलं की शिट्टीची लाल दोरी बोटाला गुंडाळायचा. बाबांनी एक दिवस त्याला हाक मारली, "दिगू, जरा काट्यावर उभा राह्य, काटा तपासाचा हाय." तो उभा राहिला. दांडी अर्ध्यात गेली आणि तिथेच रेंगाळली. बाबांनी चष्मा पुसला, परत पाहिलं. मग आत येऊन पाटावर बसत आईला म्हणाले, "पोरगं उतरून राहिलं." तिने दोन भाकरी जास्त थापल्या, त्या कोणी खाल्ल्या नाहीत आणि सकाळी बैलांना गेल्या.

रविवारी आम्ही एसटीने अमरावतीला गेलो. हॉल भरला होता. दर्यापूरकडचे नातेवाईक जीप भरून आले होते, वलगावचे मुख्याध्यापक पहिल्या रांगेत होते, आणि मागच्या बाजूला गिल्या वड्यांचा घाणा लागला होता. आमच्याकडे सत्काराला लोक गिल्या वड्यासाठी येतात हे मामांना माहीत होतं, म्हणून भाषणं आधी आणि वडे नंतर असा त्यांनी बंदोबस्त केला होता. वास मात्र त्यांच्या हातात नव्हता. दादाला शाल घातली ती दोन्ही खांद्यांवर एकदम बसेना, एक बाजू सावरली की दुसरी घसरायची. मामांनी पेपरातला तो मथळा वाचून दाखवला, सूर्य मावळतानाही तेजस्वीच असतो असं सांगितलं, शिट्टी दादाच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "आता आपले दिगंबरराव दोन शब्द बोलतील." टाळ्या झाल्या. मी दाराकडे पाहिलं तर उस्ताद चौकटीला टेकून उभे होते, आत यायचं की नाही हे न ठरलेल्या माणसासारखे.

दादा माइकपुढे उभा राहिला. त्याच्या जोरजोराच्या श्वासाचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू येत होता. "मी..." तो म्हणाला आणि थांबला. मला कळत होतं, हा आता आभार मानणार, आणि एकदा या व्यासपीठावरून आभार मानले की संपलं. वलगावच्या मैदानावर हा माणूस जन्मभर पोरांना 'सावधान, विश्राम' करत उभा राहणार आणि शेडमधलं पोतं तसंच लोंबकळणार. मी शब्द दिला होता, मला बोलता येईना.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला आई उठून उभी राहिली.

"भाऊ, तुमी जरा थांबा," ती मामांना म्हणाली. मामा काहीच करत नव्हते, तरी थांबले. "दिगू, त्या पेपरवाल्याले तू काय म्हणला होता, ते सांग. तुह्या तोंडानं सांग. शुद्ध नोको बोलू."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्यानं इचारलं, आता पुढे काय. मी म्हणलं, घरी जाऊन राहिलो."

मामा माइककडे झुकून म्हणाले, "अगदी बरोबर! तेच तर मी मघापासून सांगतोय, की हा घरी जाऊन राहि..." आणि तिथेच त्यांचा शब्द अडकला. काही झालं तरी ते अमरावतीचे होते. मागच्या रांगेतून दर्यापूरचा जीपवाला ओरडला, "अबे, तं पोरगं घरी जाऊन राहिलं होतं ना बे!" आणि मग अख्खा हॉल उसळला. लोक एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होते. दारातून उस्ताद ओरडले, "वकीलसाब, लड़का गाड़ी पकडने जा रहा था, गाड़ी!"

"मग ही निवृत्ती?" मामांनी हातातला पेपर हलवला.

"कोणाची?" दादा म्हणाला.

हसणं ओसरल्यावर तो पुन्हा माइकजवळ गेला. शाल एव्हाना खाली पडली होती. "मले बी वाटलं, झालं ते बरं झालं," तो म्हणाला. "मार लय जोरात लागला होता. भेव वाटलं. आताबी वाटून राहिलं. पण भाकर गिळून नाही राहिली." त्याने गळ्यातली शिट्टी काढून मामांच्या हातात दिली आणि वलगावच्या मुख्याध्यापकांना हात जोडले. "उद्या सकाळी शेडमध्ये जाऊन राहिलो. उस्ताद असले तं."

उस्ताद एकदम वळून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि दोन्ही हातांत गिल्या वड्यांच्या ताटल्या होत्या. दादा व्यासपीठाच्या पायरीवर बसून खायला लागला. घाण्यावरच्या माणसाने पुन्हा पीठ भिजवलं. मुख्याध्यापक मोठ्या मनाचे निघाले, त्यांनीच दादाला चटणी आणून दिली.

परतीच्या एसटीत मी आईशेजारी बसले होते. मी तिला विचारलं, "आई, तुले कवा समजलं?"

"कवा म्हंजे? तू पेपर वाचला तवाच."

"कसं काय?"

"राहणार म्हणला म्हणे. माह्या पोटच्या पोरानं जन्मात कधी राहणार म्हणलं काय? दिगू 'राहीन' म्हणते."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली. कपाशीची वावरं मागे जात होती. "चूक त्या पेपरवाल्याची," ती म्हणाली. "मी म्हणलं, असू दे. पोराचं नाक वाचून राहिलं फुकटात." मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "पण तो घरी येऊन राहिला, आन् घरी नव्हताच व."

मामांनी ती शिट्टी रागाने आमच्याकडेच पाठवून दिली. बाबांनी ती काट्यावर वापरायला घेतली, एक शिट्टी म्हणजे पुढे घे आणि दोन म्हणजे बस, त्यामुळे जेवताना तरी आमच्या कानांना आराम मिळाला. आज उस्ताद नाहीत. शेडवर टिनाऐवजी स्लॅब आला आहे, सरकीचं पोतं जाऊन चांगली चामड्याची बॅग आली आहे आणि दादा तिथे पोरांना शिकवतो. पोरींनाही शिकवतो. नवीन पोराला तो पहिल्या दिवशी सांगतो की हरल्यावर पेपरवाल्याशी बोलू नये, गाडी पकडावी.

त्या सत्काराच्या पुढच्याच वर्षी दादा पुन्हा अंतिम सामन्याला पोचला होता. समोर पुन्हा तोच हरियाणाचा पोरगा. पटांगणात पुन्हा टीव्ही, पुन्हा पोती, पुन्हा बैल. आई ताट घेऊन बाहेर आली तशी सगळ्यांनी माना उंचावल्या, पण ती टीव्हीपुढे गेली नाही. पुढच्या पोत्यावर बसली, ताट मांडीवर ठेवलं आणि डोळे उघडे ठेवले. प्रत्येक ठोशाला तिच्या तोंडून "आई व" निघायचं, ताटातलं कुंकू सांडून तिचं लुगडं लाल झालं, पण तिने मान वळवली नाही. दादा पडला नाही. तिन्ही फेऱ्या उभा राहिला आणि उभ्यानेच हरला. पंचाने दुसऱ्याचा हात वर केला. दादाचा चेहरा पडदाभर दिसत होता, नाक भोपळ्याएवढं सुजलेलं, पण जागेवर. तेव्हा आई उठली, निरांजन लावलं, टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली आणि त्याला सावकाश ओवाळू लागली. या वेळी तिला बाजूला हो असं कोणी म्हटलं नाही.